तळव्याखालची फळी

चैत्र लागला की देवासच्या टेकडीखालचे पिंपळ चार-आठ दिवसांत तांब्याचे होतात. काल-परवा उघडंबोडकं दिसलेलं झाड आज सकाळी असं झगझगत असतं की वाटतं, कुणीतरी सणासाठी चिंच लावून घासून ठेवलंय. ती पानं इतकी कोवळी असतात की वारा नसतानाही हलतात. मी रोज सकाळी काठी घेऊन त्या रस्त्यानं फिरायला निघतो. हल्ली तिथून अधूनमधून मोटार जाते, धुरळा उडतो, पण पिंपळांना त्याचं काही नाही. त्यांच्याखाली आलो की माझी पावलं आपोआप थांबतात आणि दोन्ही तळपायांच्या खळग्यात, अगदी मधोमध, एक जुनी कळ जागी होते. वैद्य म्हणतात वात आहे. असेलही. पण वाताला नेमकी चैत्राचीच आठवण का व्हावी?

ती कळ धार गावची आहे. विक्रम संवत एकोणीसशे छप्पनच्या दुष्काळातली.

आज ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांना तो दुष्काळ आठवणार नाही. पण माळव्यात कुणी पानावर बसून फारच भराभर जेवू लागलं की म्हातारी माणसं अजून म्हणतात, "छप्पन्या में से आयो हे कंई?" आणि हसतात. माळव्यात दुष्काळ पडत नाही, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. इतर मुलखांतली माणसं दुष्काळ पडला की आमच्याकडे यायची. मग त्या वर्षी आमच्याचकडे आभाळ कोरडं राहिलं, तेव्हा कुणीकडे जायचं हे कुणाला माहीतच नव्हतं.

त्या ऋतूची पहिली आठवण आवाजाची आहे. म्हणजे आवाज नसण्याची. धारेत सकाळ झाली की जात्यांची घरघर सुरू व्हायची, ती थांबली. जात्यात घालायलाच काही नव्हतं. मुंज तलाव आटत आटत आधी हिरवा झाला, मग काळा, आणि शेवटी भेगाळलेल्या चिखलाचा एक भलामोठा पापड होऊन राहिला. त्याच्या काठावरच्या एका विहिरीला तेवढं पाणी उरलं होतं. म्हणून दरबारानं गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली जनावरं तिथे आणवली होती. मालक देशोधडीला लागलेले, काही गेलेले, आणि त्यांचे गाई-बैल तलावाच्या काठी, मोठमोठ्या पिंपळांच्या आणि वडांच्या सावलीत बांधलेले.

मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होतो. वडील दरबारच्या पागेत होते. ते गेल्यावर मलाही तिथेच चिकटवून घेतलं होतं. घोड्यांची संख्या कमी करून टाकल्यावर मला सांगण्यात आलं की, विठ्ठलराव, आता तुम्ही तलावावरच्या जनावरांचं बघा. बघायचं म्हणजे काय, तर रोज सकाळी कोणती उभी राहतात आणि कोणती राहत नाहीत हे बघायचं. उठवणीला आलेल्या गाईच्या पोटाखाली बांबू घालून चौघांनी तिला उचलायची. पायांनी तोल धरला तर ठीक, नाही तर पुन्हा अलगद खाली ठेवायची. माझ्याबरोबर मांगीलाल नावाचा गवळी होता, बदनावरकडचा. वयानं माझ्या दुप्पट, पण मला 'भिया' म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या म्हशी पौषातच गेल्या होत्या. तो दुसऱ्यांच्या गायींना आपणच नावं देऊन हाका मारायचा. खरी नावं कुणाला ठाऊक नव्हती.

कडबा संपला. छपरांवरचं जुनं गवत उतरवून घातलं, तेही संपलं. आणि अशा वेळी, चैत्रात, त्या काठावरचे पिंपळ पालवले.

मला अजूनही त्याचं आश्चर्य ओसरलेलं नाही. पाऊस नव्हता. तलाव नव्हता. जमीन अशी तापलेली की उघड्या पायानं उभं राहवेना. आणि डोक्यावर ही हजारो, लाखो पानं, ओली, चमकणारी, तांबूस, मग पोपटी, मग गर्द हिरवी. मांगीलाल मान वर करून बघत राहायचा आणि म्हणायचा, "भिया, यो बाबो तो हर्यो को हर्यो! इका पेट में पाणी कां से आवे?" त्या झाडांनी पाणी कुठून आणलं, किती खोल जाऊन आणलं, हे मला कधीच कळलं नाही. एवढंच कळलं की जे आमच्या विहिरींना जमलं नाही ते त्यांना जमलं होतं.

हाताला येणारा पाला पहिल्याच आठवड्यात संपला. बांबूला कोयता बांधून पोचेल तिथवरचाही संपला. त्यानंतर सगळं हिरवं उंच राहिलं, आणि खाली गायी माना वर करून उभ्या. वडावर पारंब्या धरून चढता यायचं, ते वड केव्हाच बोडके झाले होते. उरले ते पिंपळ. त्यांची खोडं सरळ, रुंद, कवेत न मावणारी. पटपट झाडावर चढणारी बाग गावाकडची माणसं होती, पण ती दुष्काळाच्या सुरुवातीलाच गुजरातेच्या वाटेला लागली होती. शिड्या पहिल्या फांदीच्याही खाली संपायच्या.

तेव्हा पागेच्या कोठीत मला ते लोखंडी काटे सापडले. महूच्या छावणीतल्या कुठल्याशा लिलावातून केव्हातरी आलेले. तारेच्या खांबांवर चढायला ते वापरतात, एवढंच कोठीवाल्याला माहीत होतं. गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत पायाच्या आतल्या अंगाला लागून जाणारी एक लोखंडी पट्टी. ती खाली वळून पावलाखालून जाते, रिकिबीसारखी. आणि आतल्या बाजूला, घोट्यापाशी, खाली रोखलेला एक अणकुचीदार काटा. वर-खाली चामड्याचे पट्टे. पाय उचलायचा, काटा खोडात मारायचा, आणि त्याच्यावर उभं राहायचं. मग दुसरा पाय. कमरेभोवती आणि खोडाभोवती दोर.

घरी आणून ओसरीवर ठेवले तेव्हा आईनं ते पाहिले. "हे काय?" म्हणाली. मी सांगितलं.

"पिंपळावर?" तिनं विचारलं. "पिंपळाला लोखंड टोचणार तू? मुंजीचा गडू ज्याच्या पाराशी ठेवलास, त्याला?"

आई सोवळ्या-ओवळ्याची कडक. तिचा सगळ्या आळीत दरारा होता, आणि तिच्या हयातीत आमच्या घरातल्या कुणी पिंपळाचं पानही उगाच तोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर तलावावर आली. बांबू लावून एक गाय उचलली जात होती. आई ते बघत उभी राहिली. गाईचे पुढचे पाय टेकले, थरथरले, आणि दुमडले. मग आई पिंपळापाशी गेली, खोडाला दोन्ही हात लावून, कपाळ टेकवून काहीतरी पुटपुटली. परत येताना मला म्हणाली, "चढ. मी सांगितलंय त्याला."

पहिल्या चढाईची आठवण मला शब्दांत सांगता येत नाही, पायांना विचारली तर ते सांगतील. काटा खोडात रुतला की एक मऊ, ओला आवाज व्हायचा. काढला की त्या भोकातून पांढरा चीक यायचा, दुधासारखा. थेंब खोडावरून हळूहळू ओघळायचा. ज्या वर्षी गावातल्या एकाही गाईला दूध नव्हतं त्या वर्षी हे झाड दुधानं भरलेलं होतं. मी थबकून बघतच राहायचो. आणि थबकलं की पायांचं मरण. कारण सगळ्या देहाचा भार पावलाखालच्या त्या बोटभर रुंदीच्या लोखंडी पट्टीवर यायचा. ती पट्टी बरोबर तळव्याच्या खळग्यात बसायची, जिथे हाडही नाही आणि टणक कातडीही नाही. माझ्या जोड्याचा तळ चामड्याच्या एकाच थराचा. दोन-चार पावलांत तो खचला. पहिल्या फांदीला हात लागेपर्यंत माझे दोन्ही पाय तळव्यापासून दुभंगतायत असं वाटू लागलं. वर तास-दीड तास एका जागी उभं राहून कोयता चालवायचा, आणि फांदीवर टेकावं हे तेव्हा सुचतही नव्हतं.

पण मी वर पोचलो तेव्हा जे दिसलं, ते त्याआधी मी कधी पाहिलं नव्हतं. माझा जन्म धारचा. तरी धार मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिली. लाल दगडाचा किल्ला टेकाडावर एखाद्या थकलेल्या बैलासारखा बसलेला. तलावांची माळच्या माळ कोरडी, जणू कुणी मोठमोठ्या रिकाम्या पराती मांडून विसरलं आहे. दक्षिणेला मांडूच्या डोंगरांची निळी रेघ. आणि या सगळ्या करपलेल्या मुलखात ठिकठिकाणी हिरवे ठिपके: पिंपळ, वड, कडुनिंब, रायणी. खालून चालताना ते कधी एकत्र दिसले नव्हते. वरून दिसलं की ती मेलेली भूमी नव्हती. तिनं श्वास धरून ठेवला होता.

मी कोयता मारला आणि पहिली फांदी सळसळत खाली गेली. खालून मांगीलालची हाक आली, "खाई री हे, भिया! खाई री हे!"

त्या दिवशी घरी आलो तो पावलांच्या कडांवर चालत, बदकासारखा. आईनं विटा तापवून शेकवलं, एरंडाची पानं गरम करून बांधली. सकाळी पाय जमिनीवर टेकले आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. तरी गेलो. गायी वाट बघत होत्या, त्याला इलाज नव्हता. मग मी जोड्यात चिंध्या भरल्या. लोकरीचा तुकडा घातला. जुन्या गादीतला कापूस घातला. पण मऊ वस्तूचं एक असतं, पहिली चार पावलं ती माया करते आणि मग दबून जाते. लोखंड वाट काढून पुन्हा त्याच ठिकाणी यायचं, जसं काही त्याला माझी दुखणारी जागाच हवी होती.

इथे मला आमच्या हिच्याबद्दल सांगायला हवं. हिचं माहेर देवासचं, तिथल्या दोन संस्थानांपैकी धाकट्या पातीच्या हद्दीतलं. आमचं लग्न होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, पण आईच्या देखत आम्ही एकमेकांशी बोलत नसू. तशी रीतच होती. ही घरात अशी वावरायची की बांगड्यांचासुद्धा आवाज होऊ नये. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायची आणि मी ऐकायचो. आईसमोर हिनं कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी मी ओसरीवर पाय पसरून बसलो होतो. ही आतून पाण्याचं घंगाळं घेऊन आली. माझे तळवे तिला दिसले. मधोमध दोन्हीकडे काळानिळा आडवा वळ उठला होता. खांबाकडे बघत हळूच म्हणाली, "देवासला पावसाळ्यात आमच्या दारापुढे चिखल व्हायचा. गुडघाभर."

मला काही कळेना. दुखण्यानं माझं डोकं भणभणत होतं.

"तर?" मी म्हणालो.

"तर दादा त्याच्यावर गवत टाकायचे. गवत आत जायचं, त्याच्यावर पाय दिला की पायही आत जायचा. मग त्यांनी पाट टाकला. पाटावरून आम्ही सगळी चालत जायचो, कुणी रुतलं नाही. मऊ घालून काय होणार? पायाखाली पाट हवा."

एवढं बोलून ती आत गेली. मला वाटलं, सांगून झालं. पण थोड्या वेळानं ती परत आली ती हातात आपल्या फणेरपेटीचं झाकण घेऊन. शिसवी लाकडाची ती पेटी तिला माहेरून मिळालेली. आत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा. झाकण पातळ पण असं चिवट की उंबऱ्यावर आपटलं तरी कपचा उडणार नाही. तिनं ते माझ्यापुढे ठेवलं.

"अगं, पेटी मोडलीस?"

"मोडली नाही. बिजागरीतून काढलंय." मग पुन्हा खांबाला म्हणाली, "कुंकू काही झाकण नाही म्हणून उडून जात नाही."

मी करवतीनं त्याचे दोन तुकडे केले, पावलाच्या आकाराचे. टाचेपासून चवड्यापर्यंत. हिनं माझ्या जोड्यातल्या सगळ्या चिंध्या काढल्या, फळ्या आत बसवल्या, आणि वर फक्त एक पातळ घोंगडीचा तुकडा. नडगीला पट्टी घासत होती तिथे गुंडाळायला आईनं आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून दिला.

दुसऱ्या दिवशी मी काटा खोडात मारला, त्याच्यावर भार टाकला, आणि क्षणभर मला वाटलं, मी चुकून जमिनीवरच उभा आहे. लोखंड खाली होतं, पण आता ते एका रेघेत टोचत नव्हतं. सगळं पाऊल, टाच, चवडा, बोटं, मिळून भार वाहत होतं. दुखलं नाही असं नाही. पण आधीच्या आणि आताच्या दुखण्यात फरक होता, जसा चाबूक आणि ओझं यांत असतो. ओझं वाहता येतं. मग पायांनीच मला बाकीचं शिकवलं. गुडघे खोडापासून जरा बाहेर ठेवायचे. फार वेळ उभं राहायचं झालं तर दोरात मागे रेलायचं, म्हणजे थोडा भार कंबर घेते. आणि फांदी मिळाली की लगेच काट्यावरून उतरून तिच्यावर बसायचं. वेदना गेली तेव्हा मला झाड दिसू लागलं. त्याआधी मी फक्त माझे पाय बघत होतो.

किती काय काय होतं त्या झाडांवर! हरियल पारव्यांचे थवे येऊन माझ्या हाताच्या अंतरावर बसायचे. इतके पानांच्या रंगाचे की उडेपर्यंत दिसायचे नाहीत. दुपारची गरम झुळूक सुटली की सगळा पिंपळ एकदम बोलू लागायचा, पाऊस पडतोय अशा आवाजात, आणि खाली गायी कान टवकारायच्या. एकदा तर मांगीलालनंही हात पसरून वर बघितलं. मी वरून त्याचा उताणा तळहात पाहिला आणि मला फांदीला घट्ट धरून बसावं लागलं.

हे असं वैशाखाच्या मध्यापर्यंत चाललं. मग एके दिवशी मला लू लागली.

झाडावरून उतरलो तो पायांवर राहिलोच नाही. अंग भट्टीसारखं, तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे पिवळं. घरी आणून निजवलं. कुठून तरी कैरी पैदा करून आईनं पन्हं केलं. सकाळी मी उठून बसायचा प्रयत्न केला आणि भिंत माझ्या अंगावर आली. मांगीलाल दारात उभा होता. त्यानं आदल्या संध्याकाळी स्वतः काटे बांधून पाहिले होते. त्याचं वय आणि अंग, दोन्हींनी ते मानलं नव्हतं. पहिल्या फांदीच्या खूप खाली काटा सुटला आणि तो घसरत खाली आला. छातीची सालटी निघाली होती.

"भिया, काल साँज से कंई नी खायो उनने," तो म्हणाला. त्याला माझ्याकडून काही नको होतं. गायी उपाशी आहेत, एवढंच सांगायला आला होता.

माजघराच्या दारातून हिचा आवाज आला. भिंतीला नव्हे, आईला उद्देशून.

"सासूबाई, मी चढते."

आई वळली. "काय म्हणालीस?"

"मी चढते. देवासला आमच्या अंगणात चिंच होती. लग्नापर्यंत मी तिच्यावर चढत होते."

"चिंचेवर परकरी पोरी चढतात. तू घरातली सून. गावाच्या देखत झाडावर चढणार? पुरुषांसमोर?" तिची नजर कोपऱ्यातल्या माझ्या जोड्यांवर गेली. "आणि नवऱ्याचे जोडे पायात घालणार?"

"हो," ही म्हणाली. मान खाली होती. पण आवाज खाली नव्हता.

मला वाटलं, आता आई घर डोक्यावर घेईल. पण तिनं खाली बसून जोडे उचलले, उलटेपालटे केले, आत हात घालून फळ्या चाचपल्या.

"तुझ्या पायांना हे मोठे होतील," ती म्हणाली. "टाचेशी चिंध्या घालाव्या लागतील. आण इकडे."

मी बाजेवर पडून राहावं असं दोघींनी सांगितलं होतं. मी मांगीलालच्या खांद्याचा आधार घेऊन गेलोच. तलावाच्या काठी बातमी आमच्याआधी पोचली होती. आळीतले लोक, पागेतले मोतद्दार, पाण्याला आलेल्या बायका, सगळे गोळा झाले होते. हिनं नऊवारीचा काष्टा घट्ट ओढून घेतला, पदर कमरेला खोचला. आईनं स्वतः खाली बसून गुडघ्याखालचे पट्टे आवळले. ज्या सुनेनं रोज वाकून नमस्कार करायचा, तिच्या पायाशी सासू बसलेली, हे पाहून एक म्हातारे गृहस्थ "शिव शिव" म्हणाले. आईनं तिकडे पाहिलंही नाही.

हिनं खोडाला हात लावला, आणि चढू लागली.

माझ्यासारखी ती धडपडली नाही. काटा मारायची, पाय नीट टेकलाय का हे क्षणभर बघायची, मग भार टाकायची. दोर वर सरकवायची. पुन्हा. मी खालून श्वास धरून बघत होतो. जी बाई घरात बांगडीचा आवाज होऊ देत नव्हती, तिच्या काट्यांचा ठक ठक आवाज त्या सगळ्या शांत गर्दीवर पडत होता. पहिली फांदी आली. ती ओलांडली. मग पानांत तिचं हिरवं लुगडं असं मिसळलं की कुठे झाड आणि कुठे ही, ते कळेना.

सगळे लोक तोंड उघडं टाकून वर बघत होते. कुणी हसत होतं, कुणी कुजबुजत होतं. इतक्यात वरून कोयत्याचा घाव ऐकू आला आणि पाल्यानं भरलेली एक मोठी फांदी धाडकन खाली पडली.

तेव्हा आई वळून उभी राहिली. आळीत ज्या आवाजाचा दरारा होता त्या आवाजात म्हणाली, "वर बघू नका. खाली पडतंय ते उचला."

आणि खरंच, सगळ्यांच्या माना खाली गेल्या. "शिव शिव" म्हणणारे गृहस्थसुद्धा धोतर खोचून पुढे झाले. पाल्याचे भारे गायींपुढे जाऊ लागले. मला तो देखावा अजून दिसतो: पिंपळाखाली वाकलेलं अख्खं गाव, आणि वर पानांत न दिसणारी एक बाई, आणि तिच्या हातून हिरवं हिरवं खाली येतंय.

ती उतरली तेव्हा चेहरा उन्हानं लाल झाला होता. घरापर्यंत सरळ चालत आली, उंबऱ्याच्या आत मात्र भिंत धरून खाली बसली. जोडे काढले. टाचांना फोड आले होते, पण तळवे साबूत होते. मी काशाची वाटी आणि तळाशी उरलेलं चमचाभर तूप घेऊन तिच्यापाशी बसलो. तिनं पाय झटकन आखडले.

"अहो, काय करता? पाप लागेल मला."

"लागलं तर निम्मं माझं," मी म्हणालो.

तेवढ्यात आई आत आली. आम्ही दोघंही दगड झालो. मुलगा सुनेचे पाय हातात घेऊन बसलेला तिनं पाहिला. पदरानं तोंडावरचा घाम पुसला, पाण्याचं भांडं उचललं, आणि जाता जाता म्हणाली, "टाचेकडून वर चोळ रे. उलटं नाही."

मी बरा झाल्यावरही ही चढत राहिली. एका झाडावर मी, एका झाडावर ही, अशी वाटणी नव्हती, कारण काट्यांची एकच जोडी होती. सकाळी ती, दुपारी मी. सगळी जनावरं वाचली असं मी म्हणणार नाही. पुष्कळ गेली. मांगीलालनं ज्यांना नावं दिली होती त्यांतल्याही गेल्या. पण आषाढात आभाळ वळलं तेव्हा तलावाच्या काठी उभ्या असलेल्या गायींना उचलायला कुणाला बांबू लावावा लागला नाही. त्या आपल्या पायांनी नव्या गवताकडे गेल्या. मांगीलाल त्यांच्यातल्या दोघींना घेऊन बदनावरला परतला. जाताना हिला म्हणाला, "भाभी, म्हारी छोरी ने कूंगा. वा माने नी माने." आपल्या लेकीला हे सांगीन, ती खरं मानो न मानो, असं तो म्हणत होता.

पुढे मला देवासच्या दरबारात काम मिळालं, इकडे आलो, आई इथेच गेली. त्या दिवसांबद्दल आमच्या घरात कधी फारसं बोलणं झालं नाही. केलं ते केलं, त्यात काय सांगायचं, असा हिचा स्वभाव.

परवा चैत्राचं हळदीकुंकू होतं. डाळ-पन्ह्याचा बेत. मी बाहेर ओटीवर बसलो होतो. आत बायकांचा गलबला. शेजारची नवी सून, धीट पोर आहे, तिनं कुठून तरी ऐकलं असावं. विचारू लागली, "काकू, तुम्ही म्हणे छप्पनच्या सालात झाडावर चढला होतात? वरून काय दिसलं हो?"

आतला गलबला थांबला. मीही कान देऊन बसलो. इतक्या वर्षांत हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. मला वाटलं, ही किल्ल्याचं सांगेल, मांडूच्या डोंगरांचं, नाही तर देवासच्या वाटेचं.

"आमचं घर दिसलं," ही म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या घराची मला केवढी भीती वाटायची. वरून पाहिलं तर ते एवढंसं होतं. मी हात पुढे धरला, तर तळहाताखाली अख्खं झाकलं गेलं. छप्पर, ओसरी, तुळस, सगळं." वाटीत चमचा वाजला. "थोडा वेळ तसंच झाकून ठेवलं. मग हात काढला, आणि कोयता उचलला."